१९६ मीटर : मांडीतून पाय गेलेल्या एका केळी बागायतदाराचं प्रकरण

"ताई, मला हा हाडातला पाय बसवायचा आहे. सॉकेट नको आता."

खुर्चीवर बसायच्या आधीच भाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कापलेल्या मांडीवर चढवतात ती कृत्रिम पायाची कडक खोळ म्हणजे सॉकेट. व्हिडिओत परदेशातला एक माणूस होता. त्याच्या मांडीच्या टोकातून धातूचा बोटभर दांडा बाहेर आला होता. त्याने त्या दांड्याला कृत्रिम पाय लावला, चावीने कसला आणि उठून उतारावरून चालू लागला. भाऊंच्या पत्नी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री झोपेपर्यंत हेच बघत बसतात."

मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. पाय गेलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे गेल्या चौदा वर्षांतलं माझं मुख्य काम. हाडातल्या पायाबद्दल विचारणारे भाऊ पहिलेच नव्हते, पण त्यांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून मोजमापं नीट ठेवली गेली आणि त्या आकड्यांनी मला बरंच शिकवलं. एक गोष्ट माझ्या नजरेतून पाच आठवडे सुटली होती, तीही इथे लिहिते. भाऊंच्या संमतीने लिहीत आहे. नाव आणि गाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलं आहे.

रुग्ण

वय ३८. चोपडा तालुका, तापीकाठ. चार एकर जमीन, त्यात केळी आणि कापूस. घरात आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. चार वर्षांपूर्वी पहाटे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर वाळूच्या डंपरने त्यांच्या मोटारसायकलला उडवलं. डावा पाय वाचला नाही, मांडीच्या मध्यावर कापावा लागला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वजन ६४ किलो. विडी-सिगारेट कधी नाही, मात्र तंबाखू-चुना दिवसातून आठ-दहा वेळा.

पहिला पाय शिबिरात मिळाला. गुडघा लॉकचा, कमरेला पट्टा. तो घालून उभं राहता येई, पण शेतात त्याचा उपयोग नव्हता. शेतकरी अपघात योजनेतून एक अवयव गेल्याचे १ लाख रुपये मिळाले, त्यात घरचे घालून दुसरा पाय केला. लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत मांडीवर चढवायचा सिलिकॉनचा मोजा, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, चार दांड्यांच्या जोडावर वाकणारा फोर-बार गुडघा. पाय चांगल्या बनावटीचा होता. तो ज्या केंद्रात बनला तिथे दोन दिवसांत चालायला "शिकवून" घरी पाठवलं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला दोन दिवसांत चालायला येत नाही. त्याला महिने लागतात. आपल्याकडे पायाचे पैसे मोजले जातात, शिकवण्याचे नाही.

पहिली तपासणी, सप्टेंबर

सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ही आमची साधी, भरवशाची चाचणी. त्यासाठी लांब व्हरांडा आणि घड्याळ पुरतं. भाऊ एका हातात कुबडी घेऊन १९६ मीटर चालले. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला त्यांना २१ सेकंद लागले. पाय दिवसाला सरासरी पाच तास, म्हणजे आठवड्याला साधारण ३५ तास वापरात.

चाल अशी : शरीर डावीकडे झुकायचं, कृत्रिम पाय बाहेरून वळसा घालून पुढे यायचा आणि तो जमिनीला अडकू नये म्हणून ते उजव्या पायाच्या चवड्यावर उचलले जायचे. पालथं झोपायला सांगितलं तर डावी मांडी गादीला टेकेना. खुब्याचा सांधा २० अंशांत आखडला होता. चार वर्षं बहुतेक वेळ बाजेवर नाहीतर खुर्चीवर बसून गेला होता. कोणी पालथं झोपायला सांगितलंच नव्हतं. खुब्याच्या बाजूचे स्नायू, जे एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरतात, ते निम्म्या ताकदीचे.

मग त्यांनी लायनर काढला. मी ताटली पुढे केली. लायनर उलटा केला तेव्हा आतून घाम अक्षरशः ओघळला, अर्धी वाटी सहज. सप्टेंबरातलं ऊन, एसटीचा प्रवास आणि आमच्याकडचं चालणं मिळून दोन तास झाले होते. स्टंपचं, म्हणजे उरलेल्या मांडीचं, कातडं पांढरं पडून सुरकुतलं होतं, धुणं धुतलेल्या बोटांसारखं. जांघेत, सॉकेटची कड जिथे रुतते तिथे, रुपयाएवढा लालसर चट्टा आणि त्याच्या शेजारी जुन्या फोडांचे काळे डाग. घाम आला की लायनर निसटतो, लायनर निसटला की पाय फिरतो, पाय फिरला की पाऊल वाकडं पडतं.

"हाऊ पाय मना नही शे, ताई," भाऊ म्हणाले. बोलण्यात इतका वेळ शुद्ध मराठी होती. हे वाक्य मात्र अहिराणीतून आलं. ते मी कागदावर तसंच लिहून ठेवलं. सॉकेटचा पाय वापरणारे खूप जण असंच म्हणतात. पाय आपण ओढतो आहोत, आपण चालत नाही आहोत, असं त्यांना वाटतं.

हाडातला पाय म्हणजे काय

त्याच भेटीत त्यांना एक्स-रे दाखवून समजावलं. आपल्याकडे "रॉड टाकणं" सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मांडीच्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा तुकडा बसवतात. हाड त्या धातूला धरून वाढतं, इतकं की मध्ये दुसरं काही उरत नाही. मग त्याला जोडलेला एक दांडा कातडीतून बाहेर काढतात आणि कृत्रिम पाय त्या दांड्याला लागतो. सॉकेट नाही, लायनर नाही, पट्टा नाही. शरीराचं वजन मांडीच्या मांसावर न पडता थेट हाडावर जातं.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना लक्षात आलं. हाडात बसवलेलं उपकरण नंतर निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी या गुणाचा उपयोग करून माणसाच्या जबड्यात दात बसवला. आज जळगावात गल्लोगल्ली "इम्प्लांट"च्या पाट्या दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. मांडीच्या हाडात असा पाय पहिल्यांदा बसवला गेला १९९० मध्ये, स्वीडनमधल्याच गोथेनबर्गला. पुढे त्यांचे पुत्र रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी हे काम नेटाने वाढवलं आणि १९९९ पासून ओप्रा नावाची शिस्तबद्ध पद्धत सुरू झाली. यात स्क्रूसारखे आटे असलेला तुकडा असतो आणि दोन शस्त्रक्रिया होतात. पहिल्या शस्त्रक्रियेत तो हाडात बसवून वरून कातडी शिवून टाकतात. साधारण सहा महिने थांबतात. दुसरीत दांडा बाहेर काढतात. त्यानंतरही लगेच चालायचं नाही. छोट्या सरावाच्या पायावर उभं राहून वजनकाट्यावर २० किलोपासून भार द्यायला सुरुवात होते आणि तो हळूहळू वाढवत नेतात. पूर्ण चालायला वर्षभर लागतं. जर्मनीतल्या ल्युबेकला १९९९ मध्येच दुसरी पद्धत सुरू झाली, तिच्यात आटे नसलेला खडबडीत तुकडा हाडात घट्ट ठोकून बसवतात. ऑस्ट्रेलियात मुंजेद अल मुदेरिस यांनी त्याच धर्तीवर एकाच शस्त्रक्रियेत काम उरकायला आणि लवकर भार द्यायला सुरुवात केली. भाऊंचा व्हिडिओ बहुधा याच प्रकारच्या पायाचा होता. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ओप्राला २०१५ मध्ये मर्यादित वापरासाठी आणि २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली.

भाऊंनी सहा महिन्यांवर बोट ठेवलं. "इतका वेळ कशाला?"

मी म्हटलं, "कलम बांधल्यावर दुसऱ्या दिवशी फांदी ओढून बघता का?" त्यांनी मान हलवली. केळी लावण्याआधी त्यांच्या वडिलांच्या बागेत लिंबू होतं, कलमं त्यांनी स्वतः बांधली होती.

फायदे मी हातचं न राखता सांगितले, कारण ते खरे आहेत. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे सॉकेटने बेजार झालेल्या २२ जणांना हाडातला पाय बसवून आधी आणि नंतर मोजमापं घेतली, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाय आठवड्याला ५६ तास वापरणारी माणसं १०१ तास वापरू लागली. सहा मिनिटांतलं अंतर ३२१ मीटरवरून ४२३ वर गेलं. उठून जाऊन परत येण्याचा वेळ १५.१ सेकंदांवरून ८.१ वर आला. चालताना लागणारा प्राणवायूही सुमारे १८ टक्क्यांनी घटला, म्हणजे तेच अंतर कमी दमछाकीत. शिवाय हाडातून जमिनीचा अंदाज येतो. टाइल्स आहेत की माती, हे अशा पायाने चालणाऱ्यांना बऱ्याचदा न बघता कळतं. बसताना जांघेत कड रुतत नाही, आणि आपल्याकडे जेवणापासून पूजेपर्यंत सगळं बसून असतं, तेव्हा हा लाभ मला लहान वाटत नाही.

भाऊंच्या आईने मध्येच विचारलं, "कान टोचतस तसं शे का, बेटी?"

फार नेमका प्रश्न होता. कानाच्या छिद्राला आतून कातडी धरते आणि ते भरून येतं. इथे मात्र वाट थेट हाडापर्यंत जाते. दांड्याभोवतीची कातडी धातूला कधीच पुरती चिकटत नाही, तिथे थोडा स्राव येत राहतो आणि ती जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करायची असते, आयुष्यभर. सांबराचं शिंग कातडीतून बाहेर येतं तरी तिथे पू होत नाही, म्हणून लंडनच्या संशोधकांनी शिंगांचा अभ्यास करून तसं रोपण बनवून पाहिलं. कोडं पूर्ण सुटलेलं नाही. स्वीडनच्या ५१ रुग्णांच्या पाहणीत दोन वर्षांनी ९२ टक्के रोपणं जागच्या जागी होती, पण २८ जणांना मिळून ४१ वेळा कातडीजवळचा संसर्ग झाला होता. हे संसर्ग बहुतेक औषधाने बरे होतात. पाच वर्षांपर्यंत ११ जणांना खोलवरचा संसर्ग झाला. गोथेनबर्गच्याच दुसऱ्या पाहणीत दहा वर्षांत हाडात पू होण्याचा धोका सुमारे २० टक्के दिसला. काहींचं रोपण काढावं लागलं. बाहेरचा दांडा झिजतो, वाकतो, बदलावा लागतो. जोरात पडलं तर हाड मोडू शकतं, म्हणून दांडा आणि पाय यांच्यामध्ये जास्त पीळ बसला की सुटणारा सुरक्षा-जोड बसवतात. धावणं, उड्या मारणं वर्ज्य. तळ्यात-कुंडात डुंबणंही टाळायचं.

"उनपदेवला नाही जायचं?" धाकट्या मुलाने विचारलं. त्या गरम पाण्याच्या कुंडात बाप-लेक दर हिवाळ्यात अंघोळीला जातात.

"तुझ्या बाबांनी काठावर बसायचं," मी म्हटलं. भाऊ गप्प झाले.

ते सगळे गेल्यावर मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले : ३२१ आणि १९६. नायमेखनची माणसं शस्त्रक्रियेच्या *आधी*, त्याच नकोशा सॉकेटवर, सहा मिनिटांत ३२१ मीटर चालत होती. आमचे भाऊ १९६. मधल्या १२५ मीटरांचा दोष सॉकेटचा असू शकत नाही, निदान सगळा तरी नाही. तो आखडलेल्या खुब्याचा, कमजोर स्नायूंचा, न मिळालेल्या शिकवणीचा. आखडलेला खुबा घेऊन हाडातला पाय बसवला असता तर ते आखडलेल्या खुब्यानेच चालले असते. रोपण सॉकेटचा त्रास घालवतं, शरीराचा नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून हे मी भाऊंना सांगितलं आणि तीन महिने मागितले. तोवर हाडातल्या पायाला मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, असं ठरलं.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या घरी

पालथं झोपणं दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, खुब्याचे ताण, कुशीवर झोपून पाय उचलणं, समांतर दांड्यांमध्ये वजन डावीकडे टाकायला शिकणं. भाऊ मनापासून करत होते. क्लिनिकमध्ये चाल सुधारली. पण घरी काही फरक नाही, असं वहिनी दर वेळी सांगायच्या. मला वाटलं, घरी व्यायाम होत नसेल. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. भाऊंना ते लागलं असणार, पण ते काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडून गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बाज, उंबऱ्याबाहेर चपला. भाऊंनी माझ्यासमोरच उंबऱ्याबाहेर उजव्या पायातला बूट काढला, मग वाकून डाव्या, कृत्रिम पायातलाही काढला. आणि अनवाणी घरात आले. चार पावलांत त्यांची चाल सप्टेंबरातल्यासारखी झाली.

कृत्रिम पाऊल बनवताना ते कोणत्या टाचेच्या बुटासाठी आहे हे धरूनच जोडतात. भाऊंचा पाय टाच असलेल्या काळ्या बुटावर जुळवलेला होता. जळगावला यायचं म्हणून ते दर वेळी बूट घालून येत आणि मी दर वेळी बुटात चालताना बघत होते. बूट काढला की टाच खाली जाते, नडगी मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि वाकायला जोर लागतो. सपाट घरात माणसाला सतत चढ चढल्यासारखं होतं. घरी, देवळात, शेतावर, म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ, भाऊ चढ चढत होते आणि मी त्यांना आळशी समजत होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, मला वाटायचं पाय घरी आला की रुसतो."

मग शेतावर गेलो. केळीच्या दोन ओळींमध्ये ठिबकच्या नळ्या, खाली ओली काळी माती. तिसऱ्या नळीपाशी पाय उचलताना चवडा अडकला. दहाव्या-बाराव्या पावलाला बुटाखाली मातीचा गोळा धरला होता, कणकेसारखा. पाय उपसायला त्यांनी जोर केला आणि सॉकेटमधून "फस्स" असा आवाज आला. हवा आत शिरली, सॉकेट सैल. ते बांधावर बसले, पाय काढला, पुसला, पुन्हा चढवला. सालदाराने बुटाची माती घमेल्यात खरवडली, मी ती ताणकाट्यावर लावली : एक किलो दोनशे ग्रॅम. मांडीच्या अर्ध्या हाडाच्या जोरावर, अडीच फूट लांब, हे वजन प्रत्येक पावलाला उचलायचं.

तिथे बसल्या बसल्या मी हाडातल्या पायाचाही विचार केला. त्यात हवा शिरायचा प्रश्नच नाही, फस्स होणार नाही. पण चिखलात रुतलेला पाय पिळून उपसला की तो पीळ थेट हाडातल्या धातूवर. आणि शेणखत, फवारणी, केळीचा चीक, घाम यांच्यामध्ये ती उघडी जागा. खान्देशातल्या शेतकऱ्याला ती स्वच्छ ठेवता येणार नाही असं मी मुळीच म्हणत नाही. रोज पहाटे गोठा धुणाऱ्या माणसाला शिस्त कुणी शिकवायला नको. पण स्वीडनमधल्या टक्केवारीत हा चिखल धरलेला नाही, हे मनात ठेवावं लागतं.

चौदा आठवड्यांनंतर, डिसेंबर

पाय बनवणाऱ्या दुसऱ्या तंत्रज्ञांनी सॉकेट नव्याने साचा घेऊन केलं. दिवसभरात स्टंप थोडा आकसतो, म्हणून दुपारी पातळ मोजा वाढवायची सवय लावली. पाऊल सपाट चपलेवर जुळवलं. काळे बूट भाऊंनी सालदाराला देऊन टाकले. घामासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावायचं अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण दिलं, त्याने बराच उतार पडला.

खुबा २० अंशांवरून ८ वर आला. सहा मिनिटांत २८८ मीटर, कुबडीऐवजी काठी घेऊन. उठून परत येण्याला १४ सेकंद. वापर दिवसाला नऊ तास, म्हणजे आठवड्याला ६३. एकही शस्त्रक्रिया न करता ९२ मीटर वाढले होते. भाऊ संध्याकाळी बागेच्या कडेने चक्कर मारू लागले. घड कापायच्या दिवशी ते गाडीजवळ उभं राहून वजनं लिहून घेऊ लागले, हे वहिनींनी मला दोनदा सांगितलं.

मी प्रकरण जवळजवळ मिटलं असं धरलं होतं.

मे

पारा ४४ च्या वर गेला. द्रावणही पुरेना. सकाळी नऊनंतर लायनर निसटायला लागला, जांघेतला चट्टा फुटला, मग पिकला. अकरा दिवस पाय भिंतीला टेकवून ठेवावा लागला आणि भाऊ पुन्हा कुबड्यांवर. नेमकी त्या दिवसांत बागेला पाण्याची सर्वात जास्त गरज असते. जून उजाडेपर्यंत वापर दिवसाला तीन तासांवर आला होता. खुबा मात्र ८ अंशांवरच टिकून होता, ताकदही टिकून होती.

आता चित्र स्वच्छ होतं. शरीराचं जे करायचं ते झालं होतं. उरला होता तो त्रास खरोखर सॉकेटचा, आणि वर्षातून तीन-चार महिने तो माणसाला बसवून ठेवत होता. सप्टेंबरात मी ज्या मागणीला थांबवलं होतं, तिच्यासाठी जूनमध्ये मीच पत्र लिहिलं. ही शस्त्रक्रिया परदेशात शिकून आलेल्या एका शल्यविशारदांकडे भाऊंना पाठवलं, दूरच्या शहरात. चोपड्याहून एसटीने जळगाव, तिथून रात्रीची रेल्वे.

त्यांनी पुन्हा एक्स-रे आणि सीटी स्कॅन केला. हाडाची लांबी पुरेशी, पोकळी चांगली, वय आणि वजन अनुकूल, मधुमेह नाही. आणि मग तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड धातूला धरायला वेळ लावतं आणि कातडीची जखम नीट बसत नाही. तोंडात धरलेल्या तंबाखूतूनही निकोटिन रक्तात जातंच, धूर नसला म्हणून सुटका नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बंद, आणि शस्त्रक्रियेआधी तपासणी करून खात्री करणार. त्यांनी वहिनींनाही समोर बसवून विचारलं : दांड्याजवळ लाली आली, ताप आला, तर चोवीस तासांत कोणाकडे जाणार? हा प्रश्न मला त्या सगळ्या तपासणीत सर्वात मोलाचा वाटला.

त्याचं उत्तर आम्ही परत आल्यावर शोधलं. चोपड्यातले एक अस्थिरोगतज्ज्ञ तयार झाले. त्यांनी असा रुग्ण कधी पाहिलेला नाही, पण फोटो पाठवायचे, शल्यविशारदांशी बोलून औषध द्यायचं, एवढी जबाबदारी त्यांनी घेतली. माझ्याकडे दर पंधरा दिवसांनी भार वाढवण्याचा सराव. आमच्या केंद्रात हे पहिल्यांदाच होणार आहे, म्हणून मी स्वीडनच्या पद्धतीतले टप्पे कागदावर उतरवून काढले आणि पुन्हा पुन्हा वाचते आहे.

खर्चाचं गणित अजून जुळलेलं नाही. रोपण, दोन शस्त्रक्रिया, वर्षभराच्या फेऱ्या, आणि पुढे कधीतरी दांडा बदलण्याचा खर्च. एक एकर विकायचा विषय घरात निघाला. त्या दिवशी भाऊंची आई जेवली नाही. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "एकर गेलं तरी चालेल ताई, पण वर्षभर हे कुबड्यांवर असणार, त्या वर्षाची केळी कोण बघणार?" त्यावर भाऊंच्या मेहुण्याने, अमळनेरहून येऊन, एका हंगामाची बाग सांभाळायचं कबूल केलं आहे. जमीन विकायची नाही, बँकेतून आणि नात्यातून उभं करायचं, असं सध्या चाललं आहे. मी त्यात मत दिलेलं नाही. मोजमाप मागितलं ते दिलं.

तंबाखू सोडताना भाऊ श्रावणात कानबाईच्या सणाला घसरले. पाहुणे, गप्पा, कोणीतरी चंची पुढे केली. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं आणि वहीत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. तलफ आली की बडीशेप, आणि फारच आली की उठून अंगणात दहा फेऱ्या, हे त्यांनी स्वतः शोधलेलं औषध.

परवा आले तेव्हा सहा मिनिटांत ३०२ मीटर चालले, काठी व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवून. थंडीचे दिवस आहेत, लायनर कोरडा होता. मी आकडा लिहीत असताना त्यांनी स्वतःची वही काढून माझ्या कागदाशेजारी ठेवली. तंबाखू बंद : दिवस १०४. खाली पेन्सिलने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. पहिला, मांडी घालून पंगतीत बसता येईल का. दुसरा, फवारणीच्या दिवशी जागा कशी झाकायची. तिसरा प्रश्न मुलाच्या अक्षरात होता : उनपदेवला काठावर बसून तांब्याने अंघोळ चालेल का.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात रेल्वेचं आरक्षण झालं आहे, चार जणांचं.